चंद्राची दोरी

मंडळी, आज शाळेतून घरी येताना मेट्रोत एकटीच हसत होते.

दिल्लीत मी नववीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या शबनमला जन्मापासून दिसत नाही. चंद्र पृथ्वीभोवती का फिरतो, हे मी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. तास संपल्यावर ती म्हणाली, "मॅम, मैं साइन्स छोड दूँ?"

मी लगेच तिला मैदानात नेलं, दोरीला बांधलेला चेंडू दिला आणि गरगर फिरवायला सांगितलं.

"मॅम, ये तो भागना चाहता है! मैं खींच रही हूँ, इसलिए घूम रहा है."

"बस! तू धरती, गेंद चाँद."

ती थबकली. "पर चाँद की रस्सी?"

"वो है ग्रॅव्हिटी. किसी को नहीं दिखती."

"किसी को भी नहीं?" म्हणत ती खुदकन हसली.

डोळ्यांना न दिसणारं तुम्ही मुलांना कसं शिकवता?