डिपुटींच्या वहीतल्या मंद मुली

मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला जाऊ लागले तेव्हा वाटलं होतं, घरी येताना फार तर चार चिंध्या आणीन. आणते ते किस्से! सांगावेत तर सासूबाई म्हणतात, "शिकल्याची ही फळं." म्हणून इथे लिहिते.

०

मुंबईहून शाळाखात्याचे डिपुटी परीक्षेला आले. वहीत आधी मुलीची जात लिहायची, मग प्रश्न विचारायचा, मग बुद्धी लिहायची. 'मंद' निघाली ती खालच्या वर्गात! माझी सहा वर्षांची चिमी रांगेत तिसरी. माझी सुई कापडापेक्षा बोटातच जास्त शिरत होती.

पहिली गोदू. नऊ वर्षांची, नुकतंच लग्न झालेलं.

"वनवासाला कोण कोण गेलं?"

"सीतामाई, लक्ष्मण..."

"आणि?"

गोदू लाल झाली. "त्यांचे थोरले भाऊ."

"नाव?"

नाव कसं घेणार? नवरा रामचंद्र!

"रामायणात रामच ठाऊक नाही!" लिहिलं, मंद.

आमचे म्हातारे मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, घरी मंडळींना आपलं नाव विचारून पाहा. त्याही मंदच निघतील."

०

दुसरी हिरू, खाडीकाठच्या मिठागरावरची.

"आभाळ भरून आलं की लोकांना काय होतं?"

"रडू येतं."

"चूक! आनंद होतो."

"आमचं मीठ इरघलतं. आय रडते, बापूस रडतो. मंग आनंद कोनाला?"

"मंद," डिपुटी म्हणाले. "जातीचाच दोष. यांच्यात बुद्धी ती किती असणार!"

हिरू त्यांच्याकडे बघतच राहिली. मीही. पण मी गप्प बसले, हे कबूल करते.

०

मग चिमी.

"नाव काय तुझं?"

चिमी गप्प.

"दोन आणि दोन?"

गप्प! परक्या पुरुषमाणसासमोर तोंड उघडायचं नाही, हा धडा घरी मीच घोटून घेतलेला. पोरीने तो अक्षरशः पाठ केला होता.

"मंद."

आता मात्र राहवलं नाही. "हिला कुठला दोष, साहेब? जात तर आपलीच!"

डिपुटींनी लेखणी दौतीत बुडवली.

"आईचा," डिपुटी म्हणाले.

सासूबाईंना ते मत फार आवडलं. खरं सांगू? घरी येईपर्यंत मलाही पटलं होतं.

०

दुसऱ्या दिवशी वही काखेत मारून डिपुटी पलीकडच्या गावी निघाले. त्यांना निरोप द्यायला मी मुलींना घेऊन बंदरावर गेले होते.

हिरू म्हणाली, "साहेब, नका जाव. सुकती लागली हाय, पानी उतरतंय, होडी रुतंल."

"तू मला शिकवणार?"

दहा हातांवर होडी चिखलात बसली. पाणी गेलं, डिपुटी राहिले. होडीचा तांडेल निवांत विडी ओढू लागला. तेवढ्यात भर माघात आभाळ भरून आलं, टपटप थेंब पडू लागले. नवी कोरी पगडी भिजेल म्हणून डिपुटींनी वही उघडून डोक्यावर धरली. शाईचे ओघळ नाकावर!

मी धसकून हिरूकडे पाहिलं. "एवढ्यानं मीठ नाय जात, बाय," ती म्हणाली.

इतक्यात माझा हात सोडून चिमी पार काठापर्यंत धावली आणि खणखणीत ओरडली,

"साहेब, आनंद झाला का?"