सूर्य पाह्यले गेलतो

कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर रुई बसते. फाटकात कितीही झटका, घरी आल्यावर बायकोले ती कॉलरखाली सापडतेच. आमच्या सायकलवाल्यांचे किस्से तसेच हायेत. सांगून संपले म्हणतो, अन् दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिताना एखादा निघतेच.

सायकलवाले म्हणजे चारच जण. मी सुधाकर, नेरच्या एका जिनिंगमध्ये फिटर. प्रल्हाद माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याचं सहा एकर वावर, कापूस अन् तूर. सलीमभाईचं बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान. अन् चौथे आमचे इंगोले सर. त्यायनं मले अन् प्रल्हादले सातवीत भूगोल शिकवला.

ती सालं कापसाची लय वाईट होती. बोंडअळीनं वावरं खाल्लेली, चार महिने चालणारं जिनिंग दीड महिन्यात थंड पडायचं. हाताले काम नाही अन् वेळ पुरून उरायचा. सर नुकतेच रिटायर झालेले. त्यायनं फर्मान काढलं, की बावीस डिसेंबरले पहाटे सायकली काढायच्या, अकरा किलोमीटरवरच्या म्हसोबाच्या टेकडीवर जायचं अन् वर्षातला सगळ्यात दक्षिणेकडचा सूर्योदय पाह्यचा. गावानं आमचं नाव ठेवलं, सूर्यवाले. चार वर्षं आम्ही ते नाव घेऊन फिरलो, अन् तीन वर्षं सूर्य काही सापडला नाही.

*

सरायच्या डोक्यात हे खूळ कुठून आलं, ते फक्त मले माहीत होतं.

सातवीत सरायनं फळ्यावर चित्र काढलं. गोल पृथ्वी, तिरपी रेघ, बाण. म्हणे, "बावीस डिसेंबरला सूर्य आग्नेयेकडे सर्वांत जास्त सरकलेला दिसतो. त्यानंतर तो परत फिरतो." सर पुस्तकातली मराठी बोलायचे. पंक्चर काढून घेतानाही सलीमभाईले "हवा किंचित कमी भासते" म्हणायचे.

प्रल्हादनं बोट वर केलं.

"बोल."

"सर, तुम्ही पाह्यलं का?"

वर्ग फिस्सकन हसला. सर लाल झाले. "प्रल्हाद, वर्गाबाहेर हो."

प्रल्हाद दुपारपर्यंत व्हरांड्यात उभा होता. त्याले काही वाटलं नाही, तो तिथं मजेत बोरं खात होता. वाटलं ते सरायले. रिटायर झाले त्या दिवशी मले बाजूले घेऊन म्हणाले, "सुधाकर, एकतीस वर्षं शिकवलं रे. एकदाही पाहिलं नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता. पण त्याला सांगू नकोस."

मी सांगतलं नाही. पण तेव्हापासून सरायच्या मागं मागं सायकल चालवाले मले कधी कंटाळा आला नाही.

*

पहिल्या वर्षी ठरलं, की जिनिंगचा पाचचा भोंगा वाजला की उठायचं. नेरमध्ये घड्याळाचा गजर कोण लावते? पोरं शाळेत, म्हातारे देवळात, सगळे भोंग्यावरच जायचे.

मी उठलो तवा खिडकीतून ऊन आत आलतं. साडेसात. प्रल्हाद साडेसातले उठला. सलीमभाई तर आठले. फजरची नमाज चुकली म्हणून त्याच्या अम्मीनं त्याले वेगळं धरलं.

झालं काय होतं, आदल्या दिवशी कापसाची एकही गाडी आली नव्हती. कापूसच नाही तर जिनिंग कायले सुरू होते, अन् जिनिंग नाही तर भोंगा कोण वाजवते? मी तिथला फिटर. संध्याकाळी मशीनले मीच कुलूप लावून घरी आलतो. तरी माझ्या डोक्यात ते आलं नाही.

धावत चौकात गेलो. सर साडेचारपासून तिथं उभे. मफलर, माकडटोपी, हातात सायकल.

"सर, तुम्ही एकटे काहून नाही गेले?"

"हजेरी पूर्ण असल्याशिवाय सहल निघत नाही," सर म्हणाले.

*

दुसऱ्या वर्षी गजर लावले. चौघंही वेळेवर. सरायनं चौकात अंधारात हजेरी घेतली, अन् चाळिशीतले बाप्ये आम्ही, "हजर सर" म्हणून राह्यलो.

तेवढ्यात बॅटरीचा उजेड तोंडावर पडला. गस्तीवरचा हवालदार. त्या साली रातच्याले वावरातून कापूस वेचून नेणारे निघाले होते, त्यामुळं त्याचंही बरोबरच होतं.

"कुठं निघाले?"

"सूर्य पाह्यले," प्रल्हाद म्हणाला.

हवालदारानं बॅटरी त्याच्या तोंडावरच ठेवली. "गावात निघत नाही का तो?"

"निघते, पण तिकडं जास्त सरकलेला असते."

"अन् हे पोतं कायचं?"

"बसाले," सलीमभाई म्हणाला. "टेकडी पे ठंडा लगता है ना साहब."

चार माणसं, चार सायकली, एक रिकामं पोतं. हवालदार काही सोडाले तयार नाही. मंग सर पुढं आले अन् त्यालेच विचारलं, "तुमची शाळा कोणती? बावीस डिसेंबरचे महत्त्व सांगा पाहू." अंधारात, रस्त्याच्या मधोमध, सरायनं त्याले पृथ्वीचा आस शिकवला. त्याच्या बॅटरीचा सूर्य केला अन् सलीमभाईच्या टकलाची पृथ्वी.

हवालदाराले सगळं समजलं. जाताना त्यानं सरायले सलाम ठोकला. पण तोवर तांबडं फुटलं होतं, अन् सूर्य आम्ही तिथंच, बाजार समितीच्या भिंतीवरून वर येताना पाह्यला. सरायनं तो मोजला नाही. "क्षितिज दिसलं पाहिजे. भिंत म्हणजे क्षितिज नव्हे."

*

मधात एक गोष्ट सांगतो. गावात सगळे आम्हाले टोकायचे. उत्तरायण तर संक्रांतीले असते, तुम्ही तीन आठवडे आधी कायले जाता? प्रल्हादच्या बायकोनं तर सरायच्या तोंडावर विचारलं.

सर म्हणाले, "वहिनी, सूर्य तिळगुळाची वाट पाहत नाही."

सलीमभाई चेन बसवत होता, मान वर न करता म्हणाला, "सर, वो तो ठीक है. पर उसकू मालूम है क्या आज बावीस तारीख है?"

तिसऱ्या वर्षी सरायनं आम्हाले एकवीसलेही नेलं. धुवारी होती, सायकलचं पुढचं चाक दिसेना.

*

तिसऱ्या वर्षी हजेरीही झाली अन् हवालदारही नाही. सहाच्या आत टेकडीवर. पोतं अंथरलं. सलीमभाईनं बाजूले दुपट्टा टाकून नमाज पढली. थंडी अशी, की दात वाजून राह्यले.

अन् आग्नेयेकडं लाल झालं.

"पाहा," सर म्हणाले. "अगदी नकाशातल्यासारखा. किती दक्षिणेला आहे, पाहा."

आम्ही उभे राह्यलो. हात जोडले. सर डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. प्रल्हादनं सगळ्यात जास्त वेळ हात जोडले. मंग त्यानं डोळे बारीक केले, मान इकडं केली, तिकडं केली.

"सर," तो म्हणाला, "थे माह्यं वावर हाय."

अळीच्या भीतीनं त्या साली सगळ्यायनं कापसाची झाडं, पऱ्हाटी, लवकर उपटली होती. प्रल्हादनंच आदल्या सांजी बायकोले सांगतलं होतं, की पहाटे वारा नसते, तवा ढीग पेटवून दे. ती बिचारी शब्दाची पक्की. मंग त्या पऱ्हाटीचा धूर असा पसरला, की खरा सूर्य कवा आला अन् कुठून आला, कोणालेच समजलं नाही.

उतरताना सलीमभाई म्हणाला, "प्रल्हाद, भाभी को बोलना, सूरज बहुत अच्छा निकाला."

सर हसले नाहीत. पायथ्याशी सायकल धरून बराच वेळ उभे होते. मले लय वाईट वाटलं.

*

चौथं वर्ष शेवटचं होतं. सरायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. जानेवारीत पोरगा त्यायले कायमचं पुण्याले नेणार होता. तिथं सातव्या मजल्यावर फ्लॅट, समोर दुसरी बिल्डिंग. सर मले म्हणाले, "तिथून मला क्षितिज दिसायचं नाही, सुधाकर. या वेळी चुकायचं नाही."

डॉक्टरनं सायकल चालवाले मनाई केली होती. "मागे बसायला मनाई केलेली नाही," सर म्हणाले. हिरवा चष्मा लावून ते सलीमभाईच्या कॅरिअरवर बसले. सलीमभाई गावभराच्या सायकली दुरुस्त करते, पण त्याच्या सोताच्या सायकलले ब्रेक नव्हता, चप्पल घासून थांबवायचा. सरायनं अकरा किलोमीटर मुकाट्यानं त्याची कंबर धरून ठेवली.

धुवारी नाही. धूर नाही. प्रल्हादनं बायकोले काडीपेटीलेही हात लावू नको म्हणून बजावलं होतं. आभाळ धुतल्यासारखं. टेकडीवर आम्ही तिघं पोत्यावर बसलो, सर दगडावर. समोर तांबडं फुटलं, मंग केशरी झालं. आता फक्त दोन मिनिटं.

सर उठले. दोन पावलं पुढं गेले अन् आमच्याकडं तोंड करून उभे राह्यले. हात मागं. एकतीस वर्षं फळ्यापुढं उभे राहत, तसेच.

"मुलांनो," सर म्हणाले, "आज आपण जे पाहणार आहोत, त्यामागचं कारण प्रथम समजून घेऊ."

अन् सर शिकवाले लागले. पृथ्वीचा आस, साडेतेवीस अंश, मकरवृत्त. त्यायच्या डाव्या कानामागं सूर्याची कोर निघाली.

सलीमभाईनं मले कोपर मारलं. "अरे बोल ना उनको."

"सर शिकवून राह्यले," मी म्हटलं.

"सर, वो पीछे..." सलीमभाईनं तोंड उघडलं.

"सलीम, मध्ये बोलू नये. शंका शेवटी."

सलीमभाई उर्दू शाळेत शिकलेला, सरायच्या वर्गात एक दिवस बसला नव्हता. तोही मांडी घालून गप्प बसला. माही जीभ टाळूले चिकटलेली. सातवीत चिकटायची तशीच.

सूर्य अर्धा वर आला. आमची तोंडं लाल झाली. सर मकरवृत्तावरून परत फिरले अन् थांबले.

"काही शंका?"

प्रल्हादनं बोट वर केलं.

"बोल."

"सर, तुम्ही पाह्यलं का?"

सर हळूहळू मागं वळले. हिरवा चष्मा कपाळावर चढवला. आमच्याकडं पाठ.

न वळताच म्हणाले, "प्रल्हाद, वर्गाबाहेर हो."

प्रल्हाद उठला. मिशा पांढऱ्या व्हाले लागलेला माणूस, मुकाट्यानं चार पावलं खाली उतरला अन् मागच्या उतारावर जाऊन उभा राह्यला. तिथून त्याले काहीच दिसत नव्हतं, मधात टेकडी होती. थोड्या वेळानं खालून आवाज आला.

"सर, आत येऊ का?"

"थांब रे," सर म्हणाले. "मी पाहून राह्यलो."