पाटीच्या पलीकडे गर्टी

बेरिल टॅपसेलला नवरा फक्त गाडीत ओळखू यायचा. गाडीबाहेर तो कधी तिचा डॉक्टर असे, कधी गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस. एकदा तर तिने त्याला चर्चचा नवा पाद्री ठरवलं आणि प्रवचन जरा आटोपशीर ठेवत जा म्हणून सुनावलंही. पण तोच नॉर्मन गर्टीच्या स्टिअरिंगमागे बसला, ती शेजारी बसली आणि दार धाडकन लागलं, की डोकं मागे टेकून ती म्हणायची, "नॉर्म, गळ्याखालची दाढी राहिलीय बघ तुझी."

गर्टी म्हणजे त्यांची गाडी. इथल्या लोकांना गाडीचं बारसं केल्याशिवाय चैन पडत नाही. फिकट हिरवी, लांबुडकी, एका दाराला गंज चढलेली. आत जुन्या रेक्झिनचा, पेपरमिंटचा आणि ओल्या कुत्र्याचा वास. कुत्रा जाऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे, वास मात्र घरचाच होऊन राहिला होता.

मी हेझेलडीनमध्ये नर्स आहे. लंडनच्या अगदी दक्षिण कडेला, थकल्याभागल्या माणसांसाठी असलेलं हे घर. आमच्या फाटकापासून एक अरुंद रस्ता झाडांच्या कमानीतून चढत वर जातो, आणि चढ संपतो तिथेच लंडन संपून केंट सुरू होतं. नॉर्मन पलीकडच्या खेड्यात राहायचा. दुपारची जेवणं उरकली, सगळं घर पेंगायला लागलं, की चढावरून गर्टीची घरघर उतरत यायची. बेरिल हातातली लोकर बाजूला ठेवायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "सू, माझा कोट." माझं नाव सुलभा, पण इथे मी केव्हाच सू होऊन गेले आहे.

मग दोघं काय करायची? काही नाही. इथल्या माणसांची ही एक तऱ्हा आहे. तासभर गाडी हाकत समुद्रावर जातील, पाण्याकडे तोंड करून गाडी लावतील, आणि उतरायचं नाव घेणार नाहीत. काचा वर, मांडीवर सँडविच, थर्मासमधला चहा, समोर समुद्र. टॅपसेल नवराबायकोने सगळे रविवार असेच काढले होते. आता समुद्रावर जाणं बेरिलला झेपत नव्हतं, म्हणून नॉर्मन आमच्या दारातल्या हायड्रेंजियाच्या निळ्या फुलांच्या झुडपाकडे तोंड करून गाडी लावायचा.

"आज लाटा मोठ्या आहेत," बेरिल म्हणायची.

"भरती आहे ना," नॉर्मन म्हणायचा.

बेरिल पडली-झडली तर धरायला म्हणून मी मागच्या सीटवर. काचेवर चहाची वाफ धरायची, फुलांचा निळा रंग तिच्यात विरघळायचा, आणि थोड्या वेळाने मलाही पाणी हलताना दिसायचं. खोटं कशाला बोलू, दिवसभरातला तेवढाच वेळ मी कुणाची नर्स नसायचे.

मग रस्त्याच्या चढावर हिरवी पाटी लागली. पाटीशेजारी खांब, खांबावर कॅमेरा. जुनी, धूर ओकणारी गाडी पाटीच्या आत आली की त्या दिवसाचे साडेबारा पौंड मोजायचे. आत कितीही वेळ राहा, नाहीतर नुसतं तोंड दाखवून परत जा. शहराच्या मध्यात हा नियम आधीपासून होता, आता तो आमच्या कुंपणापर्यंत आला. लोक चिडले. कुणीतरी खांब करवतीने कापला, तर आठवड्यात नवा उभा राहिला.

माझ्याबरोबर काम करणारी ग्लोरिया मात्र खूश होती. "बरं झालं," ती म्हणाली. "माझ्या पोराच्या दप्तरात वहीआधी दम्याचा पंप जातो. तुझी ती लाडकी गर्टी चालू होते ना, तेव्हा खिडकीतली माझी कुंडीसुद्धा खोकते."

गर्टीच्या मागे निळसर धुराचं शेपूट असायचं हे मलाही दिसत होतं.

पहिले काही दिवस नॉर्मन पैसे भरून आला. मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. आणि मग तो गर्टीशिवायच यायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. गुडघ्याला बरं असतं."

मी त्यावर विश्वास ठेवला. इथे माणसाने 'बरं आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, आणि इतकी वर्षं राहून मीही तशीच झाले होते.

त्या शरदात नॉर्मन आपल्या बायकोकडे पाहुण्यासारखा येऊन बसायचा. टोपी गुडघ्यावर, पाठ ताठ. बेरिल मोठ्या अदबीने त्याला बिस्किटं पुढे करायची.

"लांबून आलात का?"

"नाही, इथलाच आहे मी."

"हवा बरी आहे आज."

"हो ना. जरा वारा आहे."

"तुमच्या मिसेस नाही आल्या बरोबर?"

यावर तो कपाकडे बघत म्हणायचा, "तिला आज जमलं नाही." चहा संपला की उभा राहून टोपी उचलायचा. ती मान झुकवायची. तो गेल्यावर मला हळूच म्हणायची, "सभ्य माणूस आहे. पण फार एकटा वाटतो गं." मला कसंतरीच व्हायचं. पण मी समजायचे, आजार वाढलाय, याला कोण काय करणार.

एका सुटीच्या दिवशी मी बसने पलीकडच्या गावात सफरचंदं आणायला चालले होते. बस पाटीपाशी वळली आणि तिथल्या पबच्या अंगणात मला गर्टी दिसली. तिचं मागचं दार उघडं, त्यात बसून नॉर्मन बूट काढून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवत होता. पावसाने आमच्या रस्त्याचा ओढा झाला होता. मी घंटी दाबली आणि पुढच्याच थांब्यावर उतरून मागे आले.

"गुडघ्यासाठी का हे?" मी विचारलं.

चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा लाल झाला. "अगं पोरी, तू आज सुटीवर ना?"

"विषय बदलू नका. गाडी इथे ठेवून या चिखलातून चालत येता? आणि सांगत नाही? आम्ही काय मेलो होतो?"

"कशाला उगाच सगळ्यांना त्रास? रोजचे पैसे काही पेन्शनीत बसत नाहीत. पण जमतंय ना."

"काय जमतंय? ती तुम्हाला ओळखत नाही!"

त्याने हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाला, "शेजाऱ्याची नवी गाडी मागून आणली होती एकदा. तुझी तेव्हा रजा होती. दार उघडून धरलं तर म्हणाली, परक्या माणसाच्या गाडीत मी बसत नाही, माझं लग्न झालंय." तो थोडा हसला. "गर्टी विकून दुसरी घे म्हणतात सगळे. विकली तर बेरिल मला शोधणार कुठे?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. या लोकांच्या सभ्यपणाला काडी लावावी असं वाटलं. एक शब्द बोलला असता तर मार्ग निघाला असता, पण आपल्या बायकोला आपण परके झालो तरी चालेल, दुसऱ्याला तसदी पडता कामा नये. आणि आम्ही तरी काय केलं? आम्ही त्याला रोज चहा दिला.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरबाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. गर्टी आत येऊ शकत नसेल, तर बेरिल बाहेर जाईल. चाकाच्या खुर्चीतून, ब्लँकेटमध्ये गुंडाळून, पाटीच्या पलीकडे. बाईंनी विचारलं, चढावर ढकलणार कोण? मी एकटी पुरी पडणार नाही हे मलाही कळत होतं. तेवढ्यात मागून ग्लोरियाचा आवाज आला, "मी आहे. पण इंजिन बंद ठेवायचं, हे सांगून ठेवा त्याला."

झाडांची कमान तेव्हा पिवळी झाली होती. पानं खुर्चीवर पडत होती आणि बेरिल ती मांडीवर जमवत होती. पाटी ओलांडली. पबच्या अंगणात गर्टी तोंड शेताकडे करून उभी होती, शेजारी नॉर्मन टोपी हातात घेऊन. बेरिलने त्याला "नमस्कार, पुन्हा भेटलो" म्हटलं. आम्ही दोघींनी उचलून तिला पुढच्या सीटवर बसवलं. नॉर्मन पलीकडून जाऊन बसला. दार धाडकन लागलं.

बेरिलने डोकं मागे टेकलं. एक लांब श्वास घेतला. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "कुठे होतास रे इतके दिवस?"

नॉर्मनने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाला, "गाडी लावायला जागा मिळत नव्हती." मागच्या सीटवर माझ्या शेजारी ग्लोरिया खिडकीबाहेर बघत नाक पुसत होती.

त्यानंतर हवा बरी असेल त्या दुपारी आम्ही चढ चढायचो. समोरचं नांगरलेलं शेत आता त्यांचा समुद्र झालं. धुकं असलं की पलीकडची झाडं जहाजं व्हायची. बर्फ पडला तेव्हा बेरिल म्हणाली, "पाणी गोठलंय, आज पोहू नकोस." बी उगवलं, ओंब्या धरल्या, वाऱ्याबरोबर सगळं शेत आमच्याकडे चालून यायला लागलं, आणि बेरिलने पाय वर घेतले, ओले होतील म्हणून. मलाही पाय वर घ्यावेसे वाटले.

त्याच उन्हाळ्यात नॉर्मनने आम्हाला गुपित सांगितलं. गाडीने चाळिशी ओलांडली की ती भंगार राहत नाही, इतिहास होते. सरकार तिला जुन्या वस्तूचा मान देतं, आणि मग पाटीच्या आत यायला पैसे पडत नाहीत. गर्टी येत्या एप्रिलमध्ये इतिहास होणार होती.

"म्हणजे थोडी जुनी असेल तर वाईट, आणि फारच जुनी असेल तर चांगली?" ग्लोरियाने कपाळाला हात लावला. "आणि धूर? त्याला सांगितलंय का कुणी, की तू आता इतिहास झालास?"

"माणसांचंही तसंच करायला हवं होतं," नॉर्मन म्हणाला.

तेव्हापासून त्याचा सगळा जीव एप्रिलवर. इतर लोक गाडी नवी राहावी म्हणून धडपडतात, हा ती म्हातारी व्हायची वाट बघत होता. थंडीत गर्टी सुरू व्हायला कुरकुरायची, तेव्हा तो बॉनेटवर हात ठेवून तिची समजूत घालायचा. पण गर्टीपेक्षा मला काळजी बेरिलची होती. हिवाळ्यात ती गाडीतही मधेच हरवायला लागली. दार लागल्यावर नॉर्मनकडे बघत राहायची, आणि नाव ओठावर यायला वेळ लागायचा. तेवढा वेळ आम्ही तिघंही श्वास रोखून बसायचो. नाव आलं की नॉर्मन थर्मास उघडायचा.

"दारात गाडी आली की बरं होईल तिला," तो मला म्हणायचा. "पूर्वीसारखं. ही एवढी ओढाताण नको."

एप्रिल आला. कागद झाले. त्या दुपारी घर पेंगत असताना चढावरून घरघर उतरत आली आणि मी धावत दार उघडलं. गर्टी धुऊनपुसून चकचकीत, नॉर्मन टाय लावून. हायड्रेंजियाला अजून फुलं नव्हती, नुसते कोंब होते. ग्लोरियाने बेरिलची खुर्ची दारात आणली. बेरिलने गाडी पाहिली, हात लांब करून बॉनेटवरून फिरवला.

"आमचीही अगदी अशीच आहे," ती म्हणाली.

नॉर्मनने दार उघडून धरलं. "चल बेरिल. समुद्रावर जाऊ."

तिने मान हलवली. अगदी अदबीने, पाहुण्याशी बोलावं तशी बोलली, "तुम्ही भले आहात. पण मला नाही जमायचं. माझा नवरा वर थांबलाय, त्या हिरव्या पाटीपाशी. त्याला आत येऊ देत नाहीत, बिचाऱ्याला." मग माझ्याकडे वळून, "सू, चल ना. तो रोज येऊन थांबतो. उभं राहून त्याचा गुडघा दुखतो."

ग्लोरियाने माझा दंड धरला. या बाईच्या डोक्यात आता नवं काही राहत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नव्हता तिला. आणि हे राहिलं होतं.

नॉर्मन दार धरून उभाच होता. मला वाटलं, कोसळणार आता. पण त्याने दार हलकेच लोटलं, टोपी उचलली आणि म्हणाला, "बरोबर आहे बाई तुमचं. त्यांना ताटकळत ठेवू नका. मी त्याच वाटेने चाललोय, सांगतो तुम्ही निघालात म्हणून."

"सांगा हं," बेरिल म्हणाली.

गर्टी धूर सोडत चढावर गेली. धूर विरेपर्यंत ग्लोरियाने आम्हाला फाटकातच थांबवलं. मग आम्ही खुर्ची ढकलायला लागलो. कोवळ्या पानांतून ऊन खाली येत होतं. बेरिल दोन्ही हातांनी केस सारखे करत होती आणि आम्हाला जरा भरभर चला म्हणत होती.

पाटीच्या पलीकडे, शेताकडे तोंड करून गर्टी उभी होती. नॉर्मन तिच्याशेजारी उभा होता, टोपी हातात धरून, टाय एका बाजूला गेलेला. आम्ही अजून लांब होतो, दार उघडायचं होतं, ती गाडीत बसायची होती. पण बेरिलने तिथूनच हात वर केला.

"नॉर्म!" तिने हाक मारली. "फार वेळ झाला का रे येऊन?"

"छे गं," नॉर्मन म्हणाला. "आत्ताच आलो."