नव्या मशीनचा लाल

"आक्का, डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यात तोवर खरं सांगा. काय दिसलं?"

"लालभडक! काखेतली गाठ नुसती टोमॅटोसारखी लाल."

"लाल म्हणजे वाईट ना?"

"वेडी का खुळी तू! निळी दिसली असती तर छाती बडवून घ्यायची. निळं म्हणजे दगड, लाल म्हणजे लोणी. पूस ती जेली आणि जा तुझ्या इस्त्रीला."

सांगणारी थोरली जाऊ, सोनोग्राफीच्या खोलीतली आया. टेबलावरची धाकटी. धाकटीच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली होती. आता तो काखेतल्या, सगळ्यांनाच असतात त्या बारीक गाठींत उतरलाय का, ते बघायचं होतं. कॅन्सर शिरला की तिथली गाठ टणक होते. बोटांना ते कळेलच असं नाही, पण ही मशीन दांडा टेकवून कडकपणा मोजते आणि पडद्यावर रंगात दाखवते. पक्कं करायला मग सुई घालावी लागते.

थोरली आधी वॉर्डात फरशी पुसायची. नवरा गेल्यावर कुणाच्या तरी दयेनं तिला या अंधाऱ्या, थंडगार खोलीत घेतलं. चादर बदलायची, जेलीची बाटली काखेत धरून कोमट करायची, बायकांना कुशीवर वळवायचं, एवढंच काम. पण डोळे काय बांधून ठेवतात? पडद्याकडे बघून बघून तिला निळं-लाल कळायला लागलं. बाकड्यावरच्या बायका डॉक्टरणीच्या आधी तिला विचारायच्या. ही मान डोलवायची, की त्या हसत जायच्या. हिनं ओठ आवळले, की तिथंच रडारड. चार-दोनदा अंदाज खरा ठरला आणि बाई अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली. घरात नणंद शिंकली तरी निदान हिचं.

मधे जुनी मशीन गेली, नवी आली. कंपनीचा माणूस डॉक्टरणीला सगळं समजावून गेला. आयेला कोण समजावणार? ती तेव्हा खोक्यातला थर्माकोल गोळा करत होती.

त्या दिवशी डॉक्टरणीनं धाकटीला बजावलं होतं, काखेत सुई घालायचीय, उद्या या. औषधं लगेच चालू करू.

"त्यांचं काय जातंय सुई टोचायला," जिन्यात थोरली म्हणाली. "काखेत उतरलं नाही ना, मग घाई कसली? पोरीची परीक्षा होऊ दे. सवडीनं कापू."

धाकटीला तेच ऐकायचं होतं. सुईला ती लहान पोरासारखी भ्यायची. दवाखान्यातून फोन आले, तिनं उचलले नाहीत. पोरीची परीक्षा झाली, मग लग्नसराईचे कपडे आले, मग कुणीतरी कसलीशी पावडर दिली. एक दिवस इस्त्री उचलायला गेली तर हात उचलेना. खांद्यापासून बोटांपर्यंत सुजून खांब झालेला.

पुन्हा तेच टेबल. डॉक्टरणीनं दांडा काखेत टेकवला, पडदा लाल झाला. थोरलीला राहवलं नाही. धाकटीला धीर द्यायला मोठ्यानंच म्हणाली, "लालच आहे की बाई. मऊच ना?"

डॉक्टरीण पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मऊ कुठलं? हिच्यात लाल म्हणजे कडक. जुनीत निळं असायचं. या मशीनचं उलटं आहे."



धाकटीनं मान वळवली. "आक्का, मागच्या खेपेलाही लालच होतं ना?"

"नाही गं," थोरली म्हणाली. जीभ जराही अडखळली नाही. "तेव्हा निळं होतं. मला चांगलं आठवतंय."

तेवढ्यात डॉक्टरणीनं मागची तपासणी शेजारी लावली. तिला बिचारीला गाठ किती वाढली तेवढंच बघायचं होतं. एक लाल आणि शेजारी दुसरं, धाकलं लाल.

"तेव्हा सुईला का आला नाहीत तुम्ही?" डॉक्टरणीनं विचारलं. "तेव्हा काखेतच होतं. आता गळ्याच्या हाडामागंही दिसतंय."

"हिनं सांगितलं, काही नाही म्हणून." धाकटीनं हनुवटीनं दाखवलं.

डॉक्टरीण थोरलीकडे वळली. पण बाहेर बाकडं भरलेलं होतं. "तुमच्याशी नंतर बोलते," एवढं म्हणून ती शेजारच्या खोलीत गेली.

थोरलीनं उठवायला हात पुढं केला. धाकटीनं तो झिडकारला. स्वतः उठायला गेली, सुजलेला हात टेबलावर टेकला आणि कळ येऊन पुन्हा आडवी झाली. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी तिला तोच हात धरावा लागला. धरला आणि नखं रुतवली.

"संध्याकाळी घरी ये," ती म्हणाली. आजवर तिनं थोरलीला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. "तुझ्या दिराला आणि माझ्या पोरीला तूच सांगायचं. आत्ता बोललीस ते निळ्याचंही सांगायचं."

"पोरीला नको गं..."

"रडू नकोस. माझ्याआधी तू रडायचं नाहीस."

धाकटी गेल्यावर टेबलावरची चादर चुरगळून बादलीत गेली. नवी अंथरताना थोरलीच्या मनगटावर नखांचे चार वण तांबूस उमटले होते. तिनं बाही खाली ओढली, दांड्यावरची जेली पुसली आणि दार उघडलं.

"पुढची कोण? या. वरचे कपडे काढा, उताण्या झोपा. हात डोक्यावर."