टिचकीभाऊंच्या फुल्या

आमच्या गल्लीत काचेचं दुकान एकच, आणि त्याला लागून माझं शिवणकामाचं. मधे लाकडी फळ्यांची भिंत. त्या भिंतीत एक फट आहे. ती मी पाडलेली नाही, पण बुजवलीही नाही. तेव्हा पुढे जे सांगतोय ते ऐकीव नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

काचवाल्याला सगळे टिचकीभाऊ म्हणतात. समोर काच आली की तिला टिचकी मारायची आणि मान तिरकी करून आवाज ऐकायचा. मग ती खिडकीची असो, समोरच्याच्या चष्म्याची असो की चहाच्या पेल्याची. लग्न ठरवायला सासऱ्यांकडे गेले तेव्हा पाण्याच्या पेल्याला टिचकी मारून ‘माल चांगला आहे’ म्हणाले. सासऱ्यांना वाटलं मुलीबद्दलच बोलतायत. वहिनी हे अजून सांगतात, आणि दर वेळी टिचकीभाऊ उठून बाहेर जातात.

त्यांचं नाक डावीकडे कललेलं आहे. तरुणपणी एका कचेरीत दारभर काच बसवली, मागे सरकून आपलं काम डोळे भरून पाहिलं, हत्यार आणायला म्हणून वळले आणि त्याच काचेवर आदळले. काचेला काही झालं नाही. तेव्हापासून काच बसवली रे बसवली की तिच्यावर पांढऱ्या रंगाची ठसठशीत फुली. काचवाले सगळेच मारतात, म्हणजे लोकांना कळतं की इथे काच आहे. पण यांच्या घरातल्या खिडक्यांवर, कपाटांवर, देवाच्या तसबिरीवरही फुली. वहिनी पुसतात, हे मारतात. असा संसार.

आणि बढाई एकच. गिऱ्हाईक म्हणालं, काच टिकेल ना हो, की हे छाती काढून म्हणणार, “टिकेल? या काचेवर मी नाचून दाखवतो.” नाचलेले कुणी पाहिले नाहीत. दुकानात काच उभी ठेवतात, आडवी टाकत नाहीत. त्यामुळे पाय द्यायची वेळच कधी आली नव्हती.

ती वेळ आणली त्यांच्या लेकीने. ती परगावी नोकरीला. सुट्टीत आली आणि म्हणाली, दरीवर काचेचा पूल झालाय, सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी, आईला दाखवून आणू. आता वहिनींचं असं होतं, की लग्न झाल्यापासून त्या कुठे म्हणून गेल्या नव्हत्या. जायचं ठरलं की नेमकी कुणाची तरी खिडकी फुटायची. कधीकधी मला शंका यायची, की फोडून कोण येतं. तर वहिनींनी पदर खोचला आणि दुकानात, गिऱ्हाइकासमोर, शांतपणे सांगितलं, “या वेळी सगळ्या गावाच्या काचा फुटल्या तरी मी जाणार. आणि तुम्ही त्या पुलावर नाचून दाखवणार.”

मी फटीपाशीच होतो. ही बातमी एकट्याने सांभाळणं माझ्या तब्येतीला झेपण्यासारखं नव्हतं. दुपारपर्यंत न्हाव्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं, आणि जो तो टिचकीभाऊंना विचारू लागला, सराव कुठवर आलाय?

मग रोज संध्याकाळी दुकानात सहलीची बैठक. गाडीत एक जागा रिकामी राहात होती. ती माझीच आहे हे मी पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलं. टिचकीभाऊंच्या सूचना ऐकण्यासारख्या असायच्या. बागेत जाऊ. धरणावर जाऊ. दरी खालून जास्त चांगली दिसते, मान वर केली की झालं. लेक म्हणाली, बाबा, खाली जायला वाट नाही. मग गुडघा दुखू लागला. वहिनी म्हणाल्या, नाच बसून केला तरी चालेल. मग वारा फार असतो म्हणाले. वहिनींनी लोकरी टोपी काढून ठेवली. गुडघ्याचं दुखणं त्या दिवशी उजव्या पायातलं डाव्यात गेलं होतं, हे मी बैठकीच्या निदर्शनास आणून दिलं.

सहल दोन दिवसांवर आली तेव्हा ते माझ्याकडे आले. काळं अस्तर आहे का म्हणाले. कशाला, तर काच गुंडाळायला. अस्तरात गुंडाळलेली काच मी जन्मात पाहिली नाही, पण कापड दिलं. दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि मी मशीन थांबवून फटीला डोळा लावला.

जमिनीवर माझं काळं अस्तर पसरलेलं. ती दरी. त्यावर दोन्हीकडे लाकडी ठोकळे आणि ठोकळ्यांवर दुकानातली सगळ्यात जाड काच. दरी वीतभर खोल. टिचकीभाऊंनी काचेला टिचकी मारली, ऐकलं, पसंत केलं. चपला काढल्या. पाय उचलला आणि होता तिथेच ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. घाम पुसला. आवाज सांगत होता काच आहे, डोळा सांगत होता काही नाही. आणि नाकाला तर जुनी आठवण होतीच. मी मोजपट्टी दातांत धरून हसू दाबत होतो.

इतक्यात शटरखालून वाकून वहिनी आल्या. हातात जेवणाचा डबा. मला वाटलं आता काही खरं नाही. पण त्या हसल्या नाहीत. डबा ठेवला, कोपऱ्यातला पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, ब्रश घेतला आणि काचेच्या बरोबर मधे फुली मारली. टिचकीभाऊंनी फुलीकडे पाहिलं आणि पायरी चढावी तसे काचेवर उभे राहिले.

“एवढंच होतं तर बोलायचं होतं,” वहिनी म्हणाल्या.

“गल्लीत बोलू नकोस.”

“गल्ली भिंतीला डोळा लावून बसलीय,” असं म्हणून त्यांनी थेट फटीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या दुकानात. पुलावर चढताना चपलांवरून कापडी पिशव्या घालाव्या लागतात, काचेवर ओरखडे नकोत म्हणून. हे लेकीने सांगितलं होतं. तशा दोन शिवायच्या, राखाडी कापडाच्या, आणि वर पांढऱ्या कापडाची फुली. म्हणजे पाऊल पडेल तिथे फुली. शिवून झाल्यावर गप्प राहायचं, असंही बजावलं. सहल होईपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही. त्या एका दिवसात माझं पोट खरोखर फुगलं होतं.

पुलावरच्या माणसाने पिशव्या पुढे केल्या तर टिचकीभाऊ रुबाबात म्हणाले, घरच्या आणल्यात. आणि निघाले. नजर पायांवर, पाय फुल्यांखाली, छाती पुढे. लेक मागे फोन धरून, तिच्यामागे मी. वहिनी नवऱ्याच्या जोडीने, ताठ. पूल अर्धा झाला आणि वहिनींनी, इतकी वर्षं जे पाहायचं होतं ते पाहायला, खाली पाहिलं. तळाला नदी, माझ्या सुईतल्या दोऱ्याएवढी. त्या थांबल्या त्या थांबल्याच. टिचकीभाऊंची बाही मुठीत घट्ट.

“मला नाही जमत. तुम्ही जा पुढे, नाचून या.”

परीक्षा टिचकीभाऊंचीच आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. वहिनींना कुणी विचारलंच नव्हतं.

टिचकीभाऊ तिथेच कठड्याला धरून वाकले. दुखऱ्या गुडघ्याने जरासुद्धा तक्रार केली नाही. आपल्या डाव्या पायाची पिशवी काढून वहिनींच्या पायात चढवली, त्यांची आपल्या पायात घातली, आणि म्हणाले, “हे बघ, फुली आहे. म्हणजे काच आहे.”

मग दोघं निघाली. एकेक पाय फुलीचा, एकेक बिनफुलीचा. फुलीचा पाय ठामपणे पुढे पडायचा, दुसरा घाबरून त्याच्या मागे झटकन ओढला जायचा. एकमेकांच्या खांद्यावर हात. ठाम, झटकन, ठाम, झटकन, पार पलीकडच्या टोकापर्यंत. मागून पाहणाऱ्या अनोळखी लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

लेकीने काढलेला त्यांचा फोटो आता दुकानात लावलाय. त्याच्या काचेवरही फुली आहे, पण नाच ओळखू येतो. काच टिकेल ना, असं कुणी विचारलं की टिचकीभाऊ नुसतं फोटोकडे बोट करतात. हसू ऐकू जाऊ नये म्हणून भिंतीपलीकडे मी मशीन जरा जोरात चालवतो.

वहिनी सध्या झुलत्या पुलाची चौकशी करतायत. लाकडी आहे म्हणे. फळ्यांमधे फटी असतात, म्हणून मला आग्रहाने बोलावलंय.