राग विचारून गेम देणाऱ्या वहिनी

वहिनींनी आयुष्यात कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. एका वाण्याने त्यांना कधीतरी खवट शेंगदाणे दिले होते. तेव्हापासून त्याचं दुकान आलं की त्या रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने जायच्या. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढताना त्यांना वगळून पुढे गेलेल्या चुलतसासूचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. ती शेवटपर्यंत ‘जिलबीवाली’च राहिली. "मी इसरत नाय," त्या सांगायच्या, "आन इसरून मला काय मिळणार हाय?" हे बोलताना चेहरा शांत असायचा, आवाज गोड. नव्या माणसाला वाटायचं, बाई गंमत करतेय.

घोडेगावच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. गाव त्यांना ‘गेमवाल्या वहिनी’ म्हणायचं. मी तेव्हा शिनोलीच्या शाळेत शिक्षिका होते. आम्हा शिक्षकांना कॉम्प्युटरचा कोर्स सक्तीचा झाला आणि टायपिंगच्या सरावासाठी मी शाळा सुटल्यावर जीपने घोडेगावला येऊ लागले. कोर्स संपला, माझं येणं काही संपलं नाही.

दुकान मुळात त्यांच्या यजमानांनी उभं केलेलं. नव्वदच्या सुमारास ते टीव्ही आणि व्हिडिओ गेमचा डबा घेऊन गावोगावच्या जत्रांना जायचे. पिंपरी पेंढारपासून थेट भीमाशंकरच्या वाटेवरच्या गावांपर्यंत पोरं त्यांना ओळखायची. पुढे कॉम्प्युटर आले, धाकटा भाऊ आप्पा मदतीला आला, धंदा वाढला. मग एका पावसाळ्यात यजमान मोटारसायकलवरून पडून गेले. तेरावं झालं आणि आप्पा टेम्पो घेऊन आला. नव्या मशिनी उचलून त्याने हमरस्त्यावरच्या नव्या गाळ्यात नेल्या. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांना तो म्हणाला, "वैनी, आपलंच हाय. घरातल्या घरात. हितं काय आन तितं काय." मागे तीन जुन्या मशिनी राहिल्या. त्या चालू करायच्या आधी वरून थाप मारावी लागायची.

आप्पाच्या दुकानात बंदुकांच्या आणि मोटारींच्या मोठमोठ्या गेमा चालायच्या. आवाज रस्त्यावर यायचा आणि पोरं दारात ताटकळत उभी असायची. वहिनींच्या मशिनीवर त्यातली एक गेम लावून बघितली, तर मशिन धापा टाकून बंद पडली. त्या दिवसांत पुण्याहून कुणीतरी आणलेल्या जुन्या मासिकासोबत एक सीडी आली. तिच्यात कोपऱ्यात पडलेली एक एवढीशी गेम होती: एक उंदीर राजवाड्यात शिरतो आणि रोज राजाची एकच चप्पल पळवतो. मारामारी नाही, गाणं नाही. वहिनी ती शेवटपर्यंत खेळल्या. शेवटी पडद्यावर बनवणाऱ्याचं नाव आलं. त्या खाली आणखी नावं येतील म्हणून थांबल्या. आली नाहीत.

"एकट्यानं केलीया," त्या मला ती दाखवताना म्हणाल्या. "कंपनी न्हाई, काय न्हाई. कुठं तरी एक माणूस बसला आन त्यानं केली. आन माज्या मशिनीवर पळती बगा."

तिथून त्यांना नाद लागला. टेलिफोनच्या तारेवरून येणारं ते संथ इंटरनेट. एक छोटीशी गेम उतरवायला अख्खी दुपार जायची आणि मध्येच कुणाचा फोन आला की सगळं मुसळ केरात. तरी त्या शोधत राहायच्या. कुठल्या कुठल्या देशांतली एकटीदुकटी माणसं फावल्या वेळात गेमा करून फुकट ठेवून द्यायची, त्या वहिनी हुडकून काढायच्या. इंग्रजी जेमतेम. पण गेम चांगली की वाईट हे त्यांना खेळताना कळायचं, आणि वाईट निघाली तर बनवणाऱ्यावरही त्या राग धरायच्या.

त्यांची खरी करामत मात्र पुढेच होती. दुकानात आलेल्या माणसाला त्या ‘कुठली गेम पाहिजे’ असं विचारायच्याच नाहीत. त्याला बसवायच्या, जरा न्याहाळायच्या आणि विचारायच्या, "राग कुणावर हाय?"

लोक आधी हसायचे, मग सांगून टाकायचे. दवाखान्यातला कंपाउंडर डॉक्टरवर चिडलेला. त्याला त्यांनी ताटं तोलत चालणाऱ्या वेटरची गेम दिली. त्यातला वेटर शेवटी सगळी ताटं मालकाच्या डोक्यावर ओततो. डोंगराकडच्या एका भातवाल्याचं बांधावरून शेजाऱ्याशी वाजलं होतं. त्याला त्यांनी एका खेकड्याची गेम लावून दिली. खेकडा दुसऱ्याचा बांध आतून पोखरतो. तो माणूस बाजाराला आला की भाजीच्या आधी खेकडा खेळायचा. मी आमच्या हेडमास्तरांचं नाव घेतलं. शिरगणतीपासून गॅदरिंगपर्यंत सगळी कामं ते माझ्याच माथी मारायचे. मला उंदीर मिळाला. राजा अनवाणी सिंहासनावर बसलेला पाहून मला इतकं हसू आलं, की दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या पायांकडे बघायची चोरी झाली.

एकदा लग्न मोडलेला एक तरुण आला. मुलीवर राग, तिच्या बापावर राग, मध्यस्थावर राग असं बरंच बोलला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला एक शांत गेम लावली. एक होडी, एक वल्हं आणि पलीकडचा काठ. एवढंच. "तुजा राग तुज्यावरच हाय," त्या म्हणाल्या. "कर पार सावकाश." तो संध्याकाळपर्यंत बसला. जाताना वाकून नमस्कार करायला लागला, तर त्यांनी त्याला हाकललं.

गर्दी वाढली. त्यात मुली होत्या, बाजाराला आलेल्या बायका होत्या, डी.एड.ची पोरं होती. आप्पाला ते दिसत होतंच. त्याने आधी आपली माणसं गिऱ्हाइक म्हणून पाठवून वहिनींच्या सगळ्या गेमा उतरवून नेल्या आणि बोर्ड लावला, ‘नवीन छोट्या गेम, फक्त आमच्याकडे’. मग त्याने गावात एक वाक्य सोडून दिलं: "त्या गल्लीत पोरी कशाला जात्यात, ते जरा बगा." वाक्य घराघरांत पोचलं. मुलींचं येणं थांबलं. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मलाही बाजूला घेऊन सांगितलं, जपून राहा. मी ते वहिनींना सांगितलं तेव्हा त्या की-बोर्ड पुसत होत्या. पुसत राहिल्या. एकेक अक्षर. मग म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमाला विंग्रजी लिवता येतं ना?"

त्यांच्या आवडीची एक गेम होती. एक म्हातारी धान्याच्या राशीपाशी काठी घेऊन बसलेली, आणि एक कोल्हा सारखा येऊन राशीतलं चोरून नेणार. ती बनवणारा कुठल्याशा बर्फाळ देशात राहायचा आणि बेकरीत कामाला होता. वहिनींनी सांगितलं तसं मी त्याला मेल लिहिला. गेम लई चांगली आहे, आमच्याकडेही अशा राशी असतात, आणि आम्हाला ती मराठीत पाहिजे. अक्षरं आम्ही काढून पाठवतो, फक्त कोल्ह्यात थोडा फरक करावा.

"आन का करावा त्ये बी लिवा," वहिनी म्हणाल्या. "सगळं लिवा. टेम्पोपासून."

मी टेम्पोपासून लिहिलं. उत्तर आलं ते मी वहिनींना मराठीत वाचून दाखवलं. त्याने लिहिलं होतं, असाच एक काका मलाही आहे. कोल्हा कसा दिसायला हवा तेवढं कळवा.

आम्ही कळवलं. आप्पासारखाच: सफारी सूट, बारीक मिशी, खिशात कंगवा. मी ड्रॉइंगच्या कागदावर ठळक अक्षरं काढली, ती स्कॅन करून पाठवली. काही आठवड्यांनी गेम आली. म्हातारी नऊवारीत होती. कोल्हा सफारीत होता, राशीवर हात घालण्याआधी मिशीवरून कंगवा फिरवत होता आणि पोतं उचलताना त्याच्या डोक्यावर फुगा येत होता: ‘आपलंच हाय!’ काठी बसली की तो कोलांटी खाऊन म्हणायचा, ‘घरातल्या घरात!’ वहिनी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

त्यांनी ती गेम कुणाला दिली नाही. फक्त मशिनीत ठेवली आणि आप्पाचा माणूस आला तेव्हा चहा टाकायला आत गेल्या. त्याने नेहमीप्रमाणे सगळं उतरवून नेलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी मुद्दाम हमरस्त्याला भाजी घ्यायला गेलो. आप्पाच्या दुकानातून पोरांचा गलका येत होता. "हाण! हाण त्याला! आला बग आपलंच हाय!" रस्त्यावरची माणसं दारातून डोकावत होती. गेम नुसती पाहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं, पण त्या टेम्पोची गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती. पहिला एक हमाल हसला. मग भाजीवाल्या हसल्या. आप्पा गल्ल्यावरून उठून आत पळाला आणि त्याने वायरी उपटल्या, तोवर सगळं संपलं होतं. त्या दिवसापासून गावात त्याचं नाव ‘आपलंच हाय’ पडलं. पुढच्या वर्षी तो सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला. प्रचाराच्या सभेत बोलायला उठला तर मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "घरातल्या घरात." सभा हसण्यावारी गेली. तो पडला.

त्यानंतर तो वहिनींच्या दुकानात आला. मी तिथेच होते.

"वैनी, त्ये काढून टाक."

"काय काढू, भावजी?"

"त्ये... कोल्ह्याचं."

"कोल्हा तुमचा कोण लागतो?"

त्याने आवाज उतरवला. मग म्हणाला, "झालं गेलं. किती दिस धरून बसणार?"

"माज्या मशिनी तुमी किती दिस धरून बसलाय?" वहिनी म्हणाल्या. आवाज तसाच गोड. "बसा की. राग कुणावर हाय सांगा, एखादी गेम देते."

तो तसाच निघून गेला. पुढे मुली परत यायला लागल्या. सूड घेऊन माणूस आतून रिकामं होतं असं मी वाचलं होतं. वहिनी रिकाम्या झाल्या नाहीत. त्यांना भूक लागायला लागली, झोप चांगली येऊ लागली, त्या वर्षी त्यांनी महाळुंगे पडवळला माहेरी जाऊन महिनाभर पुरणपोळ्या खाल्ल्या आणि अंगाने भरल्या. नव्या गेमा शोधणं मात्र थांबलं नाही. "रागीट माणसं काय कमी झाल्यात का?" असं त्यांचं म्हणणं.

मग मोबाइल आले. आप्पाच्या दुकानाचं रिचार्जचं दुकान झालं. वहिनींच्या गल्लीतलीही गर्दी विरळ झाली. आणि त्यांना पोटाचं दुखणं लागलं. पुण्याला ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी रजा काढून जवळ राहिले. आप्पाने बायकोच्या हाती निरोप धाडला, भेटायला येऊ का?

"येऊ दे की," वहिनी उशीला टेकून म्हणाल्या. "पर आत यायच्या आदी दारात उबं ऱ्हायाचं. आन मोठ्यांदा सांगायचं, सगळ्या आळीला ऐकू गेलं पायजे, मशिनी कुणाच्या व्हत्या त्या. येवडंच. पाया नको पडू म्हणावं."

जावेने मान हलवली आणि ती गेली. तिने घरी काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला माहीत नाही. आप्पा आला नाही. वहिनी दोन दिवस दाराकडे तोंड करून निजत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कूस बदलली. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

दशक्रिया घोड नदीच्या घाटावर झाली. मांडव, माइक, प्रवचन, सगळं आप्पाने केलं. श्रद्धांजलीला तो स्वतः उभा राहिला. समोर अख्खं गाव बसलेलं. "वैनीनं आन आमी मिळून ह्यो धंदा उबा केला," तो म्हणाला आणि त्याने रुमाल डोळ्यांना लावला. माझ्या शेजारी तो कंपाउंडर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी समोर पाहत राहिले.

खाली नदीकडेला पिंड ठेवला. कावळे होते, बाभळीवर ओळीने बसले होते. एकही खाली येईना. दुकान आता ज्याच्याकडे आलं होतं तो वहिनींचा भाचा हात जोडून बोलला, दुकान बंद करणार नाही. माहेरची माणसं बोलली. उन्हं चढली. शेवटी सगळ्यांनी आप्पाला पुढे केलं. तो पिंडासमोर वाकला आणि पुटपुटला, "वैनी, माजं काय चुकलं असंल तर पदरात घे."

चुकलं असंल तर. माइक तिथून दहा पावलांवर होता.

कावळे उडाले आणि नदीपलीकडे गेले. भटजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववला आणि विधी उरकला. लोक जेवणाच्या पंगतीकडे निघाले. आप्पा माझ्याजवळ आला. त्याचे डोळे खरंच ओले होते.

"बाई, तुमी शेवटपातूर तिच्यापाशी व्हता," तो म्हणाला. "तिचं कशात अडकलं व्हतं? काय पायजे व्हतं तिला? सांगा, मी आत्ता करतो."

मांडवात माइक अजून चालू होता, कुणीतरी त्यावर चपलांच्या अदलाबदलीची सूचना देत होतं. सगळं गाव अजून तिथेच होतं. मी आप्पाकडे बघितलं आणि जितक्या गोड आवाजात बोलता येईल तितक्या गोड आवाजात म्हणाले, "मला काय माहीत, भाऊ?"