सामरवरणीच्या नकाशातली पायवाट

मी सिल्वासाला आलो तेव्हा करसवलतींमुळे तिथे कारखाने यायला लागले होते आणि कारखान्यांच्या मागोमाग घरं. धुळ्याकडच्या आमच्या गावात आय.टी.आय. झालेल्याला काम नव्हतं. इथे मात्र नकाशे काढणारा माणूस मिळाला की लोक त्याला सोडत नसत. एका इंजिनिअरच्या ऑफिसात मला ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. शेतजमीन मोजायची, तिचे प्लॉट पाडायचे, मधून रस्ते काढायचे आणि मंजुरीसाठी नकाशा तयार करायचा, असं काम. माझी रेघ स्वच्छ यायची. आलेल्या गिऱ्हाइकाला साहेब मुद्दाम माझं काम दाखवायचे आणि मी मान खाली घालून खूश व्हायचो.

सिल्वासाजवळच्या सामरवरणीतली ती जमीन मी भातकापणीनंतर मोजली. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरकी पायवाट गेली होती. जमिनीच्या मागे वारल्यांचा पाडा होता आणि पाड्यातली माणसं त्या वाटेने मोठ्या रस्त्याला लागत. वाट इतकी पायाखालची होती की तिच्यावर गवत धरतच नव्हतं. त्या दिवशी टेपचं दुसरं टोक धरायला येणारा माणूस आला नाही. मी एकटाच खटपट करत होतो, तेवढ्यात लाकडाची मोळी घेऊन एक बाई त्या वाटेने आली. तिशीची असेल. तिने मोळी उतरवली आणि न सांगताच टेपचं टोक धरलं.

“कशाला मोजता, दादा?”

“घरं होणार आहेत इथे.”

“मंग आमची वाट?”

“वाट घेतो ना कागदावर,” मी म्हणालो.

आणि खरंच घेतली. फील्डबुकात तिची मापं लिहिली, ऑफिसात येऊन ट्रेसिंग पेपरवर ती तुटक रेघेने दाखवली. तोपर्यंत मी खोटं बोललो नव्हतो.

साहेबांनी नकाशा पाहिला आणि त्या तुटक रेघेवर बोट ठेवलं. “ही काय आहे?”

“पायवाट आहे, साहेब. पाड्याची.”

“सरकारी आहे?”

“नाही. पण जुनी आहे.”

“अरे भाई, ही दाखवली तर वाट कुठून वळवली ते दाखवावं लागेल. अर्धे प्लॉट वाकडे होतील. काढून टाक. चालसे.”

त्यांनी आवाज चढवला नाही, नोकरीची धमकी दिली नाही. दिली असती तर आज सांगायला बरं पडलं असतं. मी नुसतं “बरं” म्हणालो.

ट्रेसिंगवरची शाई दाढीच्या पात्याने खरवडून काढावी लागते. पातं आडवं धरायचं, जोर द्यायचा नाही. मग खोडरबर फिरवायचा आणि नखाने ती जागा घोटायची, म्हणजे वरून दुसरी रेघ मारली तरी शाई फुटत नाही. मी एकेक तुकडा तसा काढला. शेवटी कागद खिडकीशी उजेडात धरला. कुठे डाग नाही, ओरखडा नाही. मला तेव्हा समाधान वाटलं होतं. मागे वळून पाहताना सगळ्यांत जास्त हेच खुपतं, की त्या क्षणी माझ्या मनात ती बाई नव्हतीच, मनात होतं ते काम किती सफाईने झालं एवढंच.

दोन-तीन वर्षांत तिथे चार इमारती उभ्या राहिल्या. साहेबांच्या शब्दामुळे मला तळमजल्यावरचा एक फ्लॅट सवलतीत मिळाला. बायकोला आणि मुलीला गावाहून घेऊन आलो. स्वयंपाकघरातला नळ सोडून बायको कितीतरी वेळ नुसती पाण्याकडे पाहत राहिली होती. पहिल्याच आठवड्यात भांड्यांचं काम विचारत एक बाई दाराशी आली. मी तिला ओळखलं. टेप धरणारी तीच. तिनेही मला ओळखलं आणि हसून बायकोला म्हणाली, “दादाला मी मोजणी शिकवली.”

तेव्हा आवाराला भिंत नव्हती. ती पायवाटेने थेट आमच्या मागच्या दाराशी यायची. बायको आणि ती लवकरच एकमेकींच्या झाल्या. एकीची अहिराणी, दुसरीची वारली, मधे मोडकं गुजराती, आणि दोघींचं हसणं मला पुढच्या खोलीत ऐकू यायचं.

भिंत सर्वांत शेवटी आली. मागच्या बाजूने सलग, माणसापेक्षा उंच, वर काचा रोवलेल्या. पाड्यातले दोघे-तिघे बिल्डरच्या माणसाकडे गेले होते म्हणे. त्याने त्यांना मंजूर नकाशा उलगडून दाखवला. यात कुठे वाट आहे, दाखवा. त्यांना नकाशा वाचता येत नव्हता, आणि आला असता तरी त्यात वाट नव्हती.

आता तिला पाड्याच्या दुसऱ्या अंगाने निघून, मोठ्या रस्त्याने ट्रकांच्या बाजूबाजूने वळसा घालून यावं लागे. ती उशिरा यायला लागली. बायकोची सकाळची घाई, मुलीची शाळा, माझा डबा. बायको तोंडाने फटकळ होती.

“रोज उशीर! घर तर इथं मागेच आहे ना तुझं?”

“लांबून यावं लागतंय, बाय.”

“लांबून म्हणे! भिंतीपलीकडून हाक मारली तर ऐकू येते मला.”

मी आत बूट घालत असायचो. हे रोज चालायचं आणि मी रोज बूट घालून निघून जायचो.

एका सकाळी ती अगदी वेळेवर आली. डाव्या तळहाताला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, चिंधी लाल झालेली. ती तशीच भांड्यांपाशी बसायला लागली, तेव्हा बायकोने तिचा हात धरला.

“अगं, हे काय केलंस?”

“काय नाय. भिंतीवरून आले. काच लागली.”

“भिंतीवरून? कशाला?”

“तू बोलते ना उशीर झाला तर.”

बायकोने तिला पाटावर बसवलं, हात धुतला, हळद भरली, माझ्या जुन्या धोतराची पट्टी बांधली. चहा दिला आणि त्या दिवशी एकही भांडं घासू दिलं नाही. ती गेल्यावर मात्र बायको ओट्याला टेकून रडायला लागली. मला राहवलं नाही. मी तिला नकाशाचं सगळं सांगून टाकलं.

तिचं रडणं थांबलं. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मी तिला एवढे दिवस बोलत होते, आणि तुम्ही आत बसून ऐकत होता?”

“आता काय करणार…”

“काय करणार काय? जा आणि तिला सांगा. तुमच्या तोंडाने सांगा.”

रविवारी मी पाड्यावर गेलो. मलाही रस्त्याने वळसा घालूनच जावं लागलं, आणि वाटेत दोनदा ट्रकला जागा द्यायला गटारात उतरावं लागलं. ती अंगणात सुकत घातलेली नाचणी हलवत होती. तिच्या सासऱ्याने बाज पुढे केली, कोरा चहा आला. म्हातारा म्हणाला, “तुमी कागदाचं काम करता. आमच्या वाटेचं काय होईल काय?”

सांगायला यापेक्षा सोपी संधी मिळाली नसती. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, “सोसायटीत बोलतो. भिंतीत एक छोटं गेट ठेवायला सांगतो.”

तिने नाचणी सोडून माझ्याकडे पाहिलं. “दादा, खरं?”

“खरं.”

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “सांगितलंत?”

“हो.”

“काय म्हणाली?”

“काही नाही म्हणाली.”

सोसायटीच्या बैठकीत मी गेटचा विषय काढला. माझ्यासारखेच नोकरीसाठी आलेले लोक होते, कुणी कारखान्यात सुपरवायझर, कुणी शाळेत मास्तर. वाईट नव्हते कुणी. एक जण म्हणाला, चोऱ्या होतील. दुसरा म्हणाला, आज गेट मागतील, उद्या रस्ता. “इथे कधी वाट होती, याला काही पुरावा आहे का?” अध्यक्षांनी विचारलं.

पुरावा माझ्या कपाटात होता. फील्डबुक, माझ्याच अक्षरातलं, तारखेसह. ते टेबलावर ठेवलं असतं तर मंजुरीचा प्रश्न निघाला असता, साहेबांचा निघाला असता, माझ्या नोकरीचा आणि त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या घराचा निघाला असता. मी म्हणालो, “माणुसकीच्या नात्याने म्हणतोय.” गेटच्या बाजूने हात वर करणारा मी एकटाच होतो. बायकोने तिला तेवढं सांगितलं, नकाशाचा विषय मात्र लाजेने तिच्यापाशी कधी काढला नाही.

पावसाळा संपता संपता तिने काम सोडलं. सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात बायका घेत होते, तिथे लागली. बायकोने तिला साडी नेसवून पाठवलं. दुसरी बाई आली, ती रस्त्याच्या बाजूने राहणारी होती.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, ती मला बसस्टँडवर भेटली. केस पांढरे झालेले, अंगावर कारखान्याचा निळा कोट, बरोबर तसाच कोट घातलेली एक तरुण मुलगी. पाड्याची जमीनही आता विकली गेली होती, तिने सांगितलं, आणि ते लोक अथालकडे खोल्या करून राहत होते. ती बायकोची चौकशी करत होती, मुलीच्या लग्नाचं विचारत होती. मग तिने त्या तरुण मुलीला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “हे दादा. आमच्या वाटेसाठी सगळ्यांशी एकटे भांडले होते. दुसरं कोणी नाय उभं राहिलं.”

त्या मुलीने मला वाकून नमस्कार केला.

मी म्हणालो, “असू दे, असू दे.” कारखान्याची गाडी आली, दोघी चढल्या. खिडकीतून तिने हात हलवला, तेव्हा तळहातावरची आडवी खूण मला दिसली.

संध्याकाळी बायकोला ती भेटल्याचं सांगितलं. हातातलं काम टाकून ती माझ्यासमोर येऊन बसली.

“काय म्हणाली? अजून राग आहे का हो तिचा?”

“नाही,” मी म्हणालो. “बरी आहे म्हणाली.”